हलतंय काय, थांबलंय काय?

१९३० सालच्या १८ फेब्रुवारीला अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील लोवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ हा चोवीस वर्षांचा तरुण एका यंत्रापुढे बसला होता. यंत्रात आकाशाच्या एकाच तुकड्याच्या दोन फोटोंच्या काचा बसवलेल्या होत्या. एक फोटो २३ जानेवारीचा, दुसरा २९ जानेवारीचा. यंत्राचा आरसा हलला की एकदा ही काच दिसे, एकदा ती. हजारो तारे जागच्या जागी राहत. एक बारीकसा ठिपका मात्र दर वेळी इकडून तिकडे उडी मारत होता. तो प्लूटो होता.

हलणारी वस्तू शोधण्याची ही कॅमेऱ्याची सर्वांत साधी रीत. दोन वेळचे दोन फोटो घ्यायचे, एकावर एक ठेवायचे, आणि जे बदलले ते हलले असे समजायचे. पण प्लूटोच्या गोष्टीत एक गंमत आहे आणि ती वर्गात जरूर सांगावी. त्या सहा दिवसांत ठिपका जेवढा सरकलेला दिसला, त्यातला बराचसा भाग प्लूटोच्या चालीचा नव्हताच. पृथ्वी आपल्या कक्षेत पुढे सरकली होती. धावत्या एसटीतून जवळचे झाड मागे पळताना दिसते आणि दूरचा डोंगर जागेवर दिसतो, त्यातलाच हा प्रकार. टॉम्बॉला हे ठाऊक होते. किंबहुना ठिपका किती सरकला यावरूनच तो नेपच्यूनच्या पलीकडचा असावा हे त्याला ताडता आले.

म्हणजे बघणारा स्वतःच हलत असेल, तर ठिपका सरकला एवढ्यावरून वस्तू हलली असे म्हणता येत नाही. वस्तू किती लांब आहे आणि दरम्यान आपण किती हललो, ही दोन्ही उत्तरे हाताशी लागतात. चालत्या वाहनावर बसवलेल्या यंत्राने समोरचे काय हलते आहे आणि काय थांबले आहे हे कसे ओळखावे, या प्रश्नाचा इतिहास आम्ही इथे थोडक्यात सांगणार आहोत. तो त्याच ॲरिझोना राज्यातल्या एका रस्त्यापर्यंत येतो. तिथे हा प्रश्न एका बाईच्या जिवाचा झाला.

पाऱ्याच्या नळीतली आठवण

एका कॅमेऱ्याला अंतर थेट कळत नाही. डोळ्यासमोर अंगठा धरला की चंद्र झाकला जातो. फोटोपुरता दोन्हींचा आकार सारखाच. अंतर मोजायचे तर काहीतरी पाठवावे आणि ते परत यायला किती वेळ लागला हे बघावे. वटवाघूळ आवाज पाठवते, रडार रेडिओ तरंग पाठवते. हे तरंग एका सेकंदाच्या दशलक्षांश भागात ३०० मीटर जातात. जाणे आणि येणे दोन्ही धरायचे, म्हणून तेवढ्या वेळात प्रतिध्वनी आला तर वस्तू १५० मीटरवर आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारवाल्यांची अडचण मात्र वेगळीच होती. प्रतिध्वनी विमानाकडूनच येतो असे नाही. डोंगर, इमारती, झाडे सगळ्यांकडून येतो, आणि डोंगराचा प्रतिध्वनी विमानाच्या कित्येक पट जोरदार असतो. त्या गर्दीतून विमान वेगळे कसे काढायचे? उत्तर टॉम्बॉच्याच जातीचे निघाले: आत्ताच्या प्रतिध्वनीतून आधीचा प्रतिध्वनी वजा करायचा. डोंगर दोन्हींत सारखाच, तो पुसला जातो. विमान हललेले, ते उरते.

पण वजा करायचे तर आधीचा प्रतिध्वनी जपून ठेवायला हवा, आणि तेव्हा संगणक नव्हते. म्हणून पाऱ्याने भरलेली नळी वापरण्यात आली. आलेला प्रतिध्वनी ध्वनितरंगाच्या रूपात नळीच्या एका टोकाने आत सोडायचा. पाऱ्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १४५० मीटर आहे. रडार सेकंदाला हजार स्पंद पाठवत असेल तर दोन स्पंदांमध्ये एक हजारांश सेकंद जातो. मग नळी किती लांब हवी? हे गणित नववीच्या मुलांना घालून पाहावे. उत्तर साधारण दीड मीटर येते. जुना प्रतिध्वनी नळीच्या दुसऱ्या टोकाशी पोचतो नेमका तेव्हाच नवा दाराशी येतो.

एखादा चौकस विद्यार्थी विचारील, की हजारांश सेकंदात विमान सरकणार ते किती? ताशी ३६० किलोमीटर वेगाचे विमान तेवढ्यात फक्त दहा सेंटिमीटर जाते. अंतरातला एवढा फरक त्या रडारला दिसणे शक्य नव्हते. पण तरंगाच्या लांबीच्या मानाने हा फरक लहान नाही. परत आलेल्या तरंगाच्या चढउतारांची जुळणी त्याने बिघडते, आणि वजाबाकीत ते उघडे पडते. वस्तूच्या गतीमुळे तरंग बदलतात हे ऑस्ट्रियातील ख्रिस्तियन डॉप्लर यांनी १८४२ मध्येच सांगितले होते.

पुढे याच पाऱ्याच्या नळ्या पहिल्या संगणकांची स्मृती झाल्या. केंब्रिजचा एडसॅक हा संगणक १९४९ च्या मे महिन्यात चालू झाला तो असल्या नळ्यांवर. गती ओळखण्यासाठी केलेली आठवणीची सोय संगणकाच्या कामी आली, हे आम्हाला फार अर्थपूर्ण वाटते. गती एका क्षणाच्या चित्रात नसते. ती दोन क्षणांच्या मध्ये असते, आणि पहिला क्षण विसरला तर ती हाती लागत नाही. हे वाक्य लेखाच्या शेवटी आपल्याला लागणार आहे.

सावल्यांनी फसवलेली गाडी

वेधशाळा आणि रडारचे ठाणे एका जागी असतात. बघणारा चालू लागला की पंचाईत होते. एक लहानसा प्रयोग करा. एक डोळा झाका आणि दुसऱ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी, पापणीवरून, बोटाने अगदी हलकेच दाबा. समोरची भिंत हलल्यासारखी वाटते. आता बोट काढून नुसता डोळा डावीकडून उजवीकडे फिरवा. डोळ्यातले चित्र कितीतरी जास्त सरकते, पण भिंत हलत नाही! डोळा फिरवण्याचा हुकूम मेंदूनेच दिलेला असतो, त्यामुळे तेवढी हालचाल तो वजा करतो. बोटाने दिलेल्या धक्क्याची वर्दी त्याला नसते. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात या गोष्टीकडे लक्ष वेधले होते.

यंत्राला ही वजाबाकी शिकवायला पुष्कळ वर्षे लागली. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात हान्स मोरावेक यांनी चाकांच्या गाड्यावर एक कॅमेरा बसवला होता. तो आडव्या पट्टीवर सरकवून वेगवेगळ्या जागांवरून फोटो घ्यायचे, आणि त्यांतल्या फरकावरून अंतर काढायचे. १९७९ मध्ये हा गाडा खुर्च्या मांडलेली खोली कोणाच्याही मदतीशिवाय ओलांडून गेला. वेळ लागला सुमारे पाच तास. एक मीटर पुढे जायचे आणि मग दहा-पंधरा मिनिटे विचार करत उभे राहायचे, असा त्याचा क्रम. उन्हात नेल्यावर तर आणखीच फजिती झाली. सावल्यांच्या ठळक कडा त्याला खुणा म्हणून चांगल्या वाटत, पण गाडा विचार करीपर्यंत सूर्य सरके आणि सावल्याही सरकत. गाड्याला आपण स्वतः नेमके कुठे आहोत हेच कळेनासे झाले.

कॅमेऱ्याच्या लेखी सावली आणि वस्तू यांत फरक नाही. लेसर किरणाला सावलीच दिसत नाही. लेसर १९६० मध्ये आला. त्याचा स्पंद पाठवून प्रकाश परत यायला लागणारा वेळ मोजणे हे रडारसारखेच, पण किरण बारीक असल्यामुळे वस्तूची बाह्यरेषासुद्धा मिळते. या साधनाला लायडार म्हणतात. त्याचा एक गुण सहसा सांगितला जात नाही. लायडारला वस्तू कळते तशी रिकामी जागाही कळते. किरण तीस मीटरवरच्या भिंतीला लागून आला, याचा अर्थ मधले तीस मीटर मोकळे आहेत. पुढच्या क्षणी त्याच दिशेचा किरण बारा मीटरवरून परतला, तर मोकळ्या जागेत कोणीतरी आले. जागेचे बारीक चौकोन पाडून प्रत्येकात ‘मोकळे’ की ‘भरलेले’ याची नोंद ठेवण्याची पद्धत मोरावेक यांनीच १९८५ मध्ये अल्बर्टो एल्फेस यांच्याबरोबर मांडली. तिथे त्यांनी लेसरऐवजी ध्वनी वापरला होता, कल्पना तीच.

जर्मनीत मात्र एर्न्स्ट डिकमान्स यांनी कॅमेऱ्यावर भिस्त ठेवून १९८७ मध्ये पाच टनांची मोटार मोकळ्या महामार्गावर ताशी ९६ किलोमीटर वेगाने चालवली. प्रत्येक चित्र नव्याने वाचत बसायचे नाही. वस्तू आता कुठे असायला हवी याचा आधी अंदाज बांधायचा आणि चित्रावरून तो दुरुस्त करायचा, ही त्यांची युक्ती. या दुरुस्तीचे गणित रुडॉल्फ कालमन यांनी १९६० मध्ये मांडलेले होते आणि चंद्राकडे जाणाऱ्या अपोलो यानांनीही ते वापरले होते.

दोन डोळ्यांची जोडणी

कॅमेऱ्याला रंगरूप कळते, अंतर नाही. लायडारला अंतर कळते, पण रूप ठिपक्यांपुरतेच. दोघांना जोडून काय साधते याचे आमच्या मते सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे २००५ मधली स्टॅन्ली ही गाडी. अमेरिकेच्या संरक्षण संशोधन खात्याने, म्हणजे डार्पाने, वाळवंटात चालकाविना गाड्यांची शर्यत ठेवली होती. २००४ च्या पहिल्या शर्यतीत सर्वांत पुढे गेलेली गाडी जेमतेम १२ किलोमीटर गेली. ८ ऑक्टोबर २००५ रोजी सुरू झालेल्या शर्यतीत मात्र पाच गाड्यांनी २१२ किलोमीटरचा मार्ग पुरा केला, आणि स्टॅनफर्डची स्टॅन्ली ६ तास ५४ मिनिटांत पहिली आली.

स्टॅन्लीच्या टपावर पाच लायडार होते, पण त्यांना सुमारे वीस-बावीस मीटरपर्यंतचाच रस्ता भरवशाने दिसे. तेवढ्यावर वेगाने जाणे धोक्याचे. कॅमेऱ्याला लांबचे दिसे, पण त्यातला रस्ता कोणता आणि खडक कोणता हे समजत नसे. मग असे केले. लायडारने जवळचा जो तुकडा सपाट ठरवला, त्याचा रंग कॅमेऱ्याने शिकायचा आणि तसाच रंग पुढे कुठवर दिसतो ते पाहायचे. अशाने नजर सत्तर मीटरपर्यंत पोचली. रस्त्याचा रंग बदलला की नवा धडा आपोआप सुरू. एका इंद्रियाने दुसऱ्याला शिकवावे, तसेच हे.

मात्र त्या वाळवंटात गाडीपुढे आडवे येणारे कोणी नव्हते. ३ नोव्हेंबर २००७ ची शर्यत म्हणून वेगळी. कॅलिफोर्नियात व्हिक्टरव्हिल इथल्या हवाई दलाच्या बंद पडलेल्या तळावर रस्ते आखून, इतर मोटारी सोडून, चौकांचे नियम लावून ती घेतली गेली. इथे ६४ लेसर एकदम गरगर फिरवणारा लायडार बऱ्याच गाड्यांच्या टपावर दिसला. डेव्हिड हॉल यांच्या व्हेलोडाइन कंपनीने तो बनवला होता, आणि त्यातून सेकंदाला दहा लाखांहून अधिक ठिपके मिळत.

मॅसेच्युसेट्सच्या एमआयटी या संस्थेच्या टॅलॉस गाडीवर असा एक फिरता लायडार होता. शिवाय बारा साधे लायडार, पंधरा रडार आणि पाच कॅमेरे. एवढी इंद्रिये असूनही तिची आणि कॉर्नेल विद्यापीठाच्या स्कायनेट गाडीची हलकीशी टक्कर झाली. कॉर्नेलची गाडी कुठल्याशा गोंधळाने अडखळत, थांबत, पुन्हा सरकत होती. टॅलॉस ‘ही मोटार आहे’ असे रूपावरून ओळखत नव्हती; जे हलते ते वाहन, असा तिचा हिशेब. फार मंद हलणारी वस्तू तिच्या लेखी खांबासारखीच. तिने त्या ‘खांबा’ला वळसा घातला आणि त्याच वेळी खांब चालू लागला. नुकसान किरकोळ झाले आणि दोन्ही गाड्यांनी शर्यत पुरी केली. पुढच्या वर्षी दोन्ही संघांनी मिळून या टकरीची कारणे सांगणारा शोधनिबंध लिहिला. प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र बसून आपापल्या चुका छापाव्यात, हे विज्ञानाच्या रीतीला शोभणारे आहे.

दोन साधने जोडणे ऐकायला सोपे वाटते, पण त्यात जागेची आणि वेळेची अशा दोन अडचणी असतात. कॅमेरा आणि लायडार यांच्या दिशेत एका अंशाची चूक राहिली, तर पन्नास मीटरवर जवळजवळ नव्वद सेंटिमीटरचा फरक पडतो. माणसाचे ठिपके शेजारच्या झाडाच्या चित्रावर जाऊन बसतात. वेळेचे असे, की फिरता लायडार सेकंदाला दहा फेऱ्या मारतो. एका फेरीत ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार पावणेदोन मीटर पुढे गेलेली असते. जर्मनीतील कार्ल्सरूहे इथल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर २०१२ मध्ये रस्त्यांवरच्या नोंदींचा किट्टी नावाचा संग्रह सर्वांना खुला केला. त्यासाठी त्यांनी लायडार फिरत फिरत समोर तोंड करून आला की तोच कॅमेऱ्याची कळ दाबील, अशी व्यवस्था केली होती.

पाच पूर्णांक सहा सेकंद

१८ मार्च २०१८ च्या रात्री दहाच्या सुमाराला ॲरिझोनातील टेंपी शहरात एकोणपन्नास वर्षांची एक बाई सायकल हाती धरून रस्ता ओलांडत होती. तिथे पादचाऱ्यांचे पट्टे नव्हते. उबर कंपनीची चाचणीवरची स्वयंचलित गाडी ताशी सुमारे ७० किलोमीटर वेगाने आली आणि तिच्या धडकेने ती बाई मरण पावली. गाडीवर कॅमेरे, रडार आणि लायडार तिन्ही होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने नोव्हेंबर २०१९ मध्ये चौकशीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यातला क्षणाक्षणाचा हिशेब प्रत्येक विज्ञान शिक्षकाने वाचावा असा आहे.

धडकेच्या ५.६ सेकंद आधी रडारला ती दिसली. अंतर शंभर मीटरांहून जास्त. यंत्राने ठरवले: वाहन. ५.२ सेकंद आधी लायडारला दिसली. आता ठरले: ‘इतर’ काहीतरी, स्थिर. ४.२ सेकंदांना पुन्हा वाहन, तेही स्थिर. पुढे काही काळ वाहन, इतर, वाहन असे चालले. २.६ सेकंद आधी सायकल, स्थिर. लगेच, सायकल, पण शेजारच्या मार्गिकेतून सरळ जाणारी. १.५ सेकंदाला परत ‘इतर’. १.२ सेकंद उरले तेव्हा कुठे सायकल आपल्या वाटेत येत आहे हे कळले.

म्हणजे वस्तू दिसत होती. यंत्र आंधळे नव्हते. मग ती बाई रस्ता ओलांडते आहे, हे का कळले नाही? कारण नाव बदलले की त्या वस्तूचा मागचा प्रवास हिशेबातून जात असे. ‘वाहन’ म्हणून जमा केलेल्या जागा ‘सायकल’च्या खात्यावर येत नसत. दर वेळी ती नव्यानेच प्रकट झालेली वस्तू, आणि मागचा इतिहास नसलेली ‘इतर’ वस्तू स्थिर धरली जाई. पाऱ्याची नळी दर थोड्या वेळाने कोणी ओतून टाकावी, तसे झाले. शिवाय पट्टे नसलेल्या जागी पादचारी रस्ता ओलांडील, ही शक्यताच आज्ञावलीत धरलेली नव्हती.

शेवटचा एक सेकंद आणखी वेगळ्या कारणाने गेला. खोट्या इशाऱ्यांनी गाडी उगाच गचके देऊ नये, म्हणून धोका जाणवल्यावर एक सेकंद थांबून खात्री करण्याची सोय ठेवली होती. मोटारीच्या मूळ कारखान्याने बसवलेली आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा चाचणीच्या वेळी बंद ठेवलेली होती. आत देखरेखीला बसलेली व्यक्ती फोनवर कार्यक्रम पाहत होती. मंडळाने अपघाताचे मुख्य कारण हेच सांगितले, आणि कंपनीच्या ढिल्या सुरक्षा व्यवस्थेलाही दोष दिला. २०२३ मध्ये त्या व्यक्तीला तीन वर्षांच्या देखरेखीखालच्या शिक्षेवर सोडण्यात आले. कायद्याने दोष माणसावर ठेवला आणि ते समजण्यासारखे आहे. पण नाव बदलले म्हणून आठवण पुसणारी आज्ञावलीही माणसांनीच लिहिली होती, एवढे आम्हाला म्हणावेसे वाटते. त्या अपघातानंतर कंपनीने या आज्ञावलीत बदल केले: नाव बदलले तरी मागचा माग राखायचा, आणि पादचारी कुठेही रस्ता ओलांडू शकतो असे धरायचे.

आपल्या रस्त्यांवर नावांचा घोळ आणखी मोठा. हैदराबादच्या आयआयआयटी या संस्थेने हैदराबाद आणि बंगळूर इथल्या रस्त्यांवरील १०,००४ चित्रे २०१९ च्या सुमाराला अभ्यासकांना खुली केली. त्यातल्या ३४ वर्गांत ऑटोरिक्षा आहे, जनावर आहे, आणि ‘वाहन आहे, पण नक्की कोणते सांगता येत नाही’ अशांसाठीही एक वर्ग आहे. ट्रॅक्टरमागे बांधलेली उसाची गाडी किंवा गवताच्या भाऱ्याखाली दिसेनाशी झालेली सायकल ज्याने पाहिली आहे, त्याला या शेवटच्या वर्गाची गरज पटवून द्यावी लागणार नाही.

अलीकडे डॉप्लरची जुनी कल्पना लायडारमध्येही आली आहे. अशा लायडारला प्रत्येक ठिपक्याचे अंतर कळतेच, शिवाय तो ठिपका आपल्याकडे किती वेगाने येतो हेही त्याच क्षणी कळते. आठवणीवाचून गती हाती लागली, असे क्षणभर वाटते. पण डॉप्लरचा परिणाम नजरेच्या रेषेतच, म्हणजे जवळ येण्यात किंवा लांब जाण्यात दिसतो. समोरून आडवे जाणाऱ्याबद्दल तो जवळजवळ काहीच सांगत नाही. टेंपीच्या रस्त्यावरची बाई आडवीच चालली होती. आडवी हालचाल कॅमेऱ्याला चांगली दिसते, पण तीही एका चित्रात नाही. आधीचे चित्र जपून ठेवले असेल तरच.